पुढच्या चाकाची घूंऽघूं परत आली? तिसरं बेअरिंग घ्यायच्या आधी एवढं तपासा

मोटरहोमच्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागतो, गाडी गॅरेजला नेली, बेअरिंग बदललं, काही महिने गाडी गप्प, आणि मग एक दिवस चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीच्या सपाट रस्त्याला लागलात की तोच आवाज हजर. परत गॅरेज, परत बेअरिंग, परत बिल. एकदा गेलं तर समजू शकतो, वय झालं असेल. पण त्याच जागी दुसऱ्यांदा गेलं तर त्या बेअरिंगला काहीतरी मारतंय, आणि काय ते शोधल्याशिवाय तिसरं घालणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे आवाज खरंच बेअरिंगचा आहे का, कारण नवं बेअरिंग घालून आवाज गेलाच नाही असंही बऱ्याचदा होतं, आणि दोष मात्र त्या नव्या बेअरिंगवर जातो.

खाली सगळं क्रमाने लिहिलंय. मधलं गाळून थेट पाना हातात घेऊ नका.

गाडीत कुठल्या जातीचं बेअरिंग आहे ते आधी बघा

मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्या, म्हणजे ट्रॅव्हलरच्या जातीच्या, यांच्या पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बहुतेक वेळा दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात, एक आतलं मोठं, एक बाहेरचं लहान. ती उघडता येतात, धुता येतात, ग्रीस भरता येतं आणि नटाने सैल-घट्ट करता येतात. विंगरसारख्या पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट हबमधूनच जातो, तिथे सहसा सीलबंद बेअरिंग असतं, प्रेसवर दाबून बसवलेलं, त्यात ग्रीस भरणं नाही की अ‍ॅडजस्टमेंट नाही. हिवाळ्यात हरमल-आगोंदकडे परदेशी नंबरच्या ज्या डुकाटो उभ्या दिसतात त्याही पुढच्या ड्राइव्हच्याच.

हे माहीत असणं गरजेचं अशासाठी की दोन्ही जाती मरतात वेगळ्या कारणांनी आणि बसवणारा माणूसही वेगळा लागतो. टेपरवाल्या गाडीला खाणपट्ट्यातला, ट्रकांवर हात बसलेला मिस्त्री उत्तम, उसगाव-डिचोलीकडे असे लोक भेटतात, त्यांना नट किती सोडायचा ते बोटांना कळतं. सीलबंदवाल्या गाडीला मात्र तोच मिस्त्री घणाने बेअरिंग ठोकून बसवणार असेल तर नको, तिथे हायड्रॉलिक प्रेस असलेलं गॅरेजच बघा.

रस्त्यावर: आवाज कुणाचा

मोटरहोम म्हणजे आतून पोकळ खोकं. कपाटं, फळ्या, रिकामी टाकी, सगळं घुमतं, त्यामुळे ड्रायव्हरला आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि दोष डावीकडे निघतो. कानावर भरवसा ठेवायचा, पण टप्प्याटप्प्याने.

पहिलं काम, वाऱ्याचे आवाज बाद करा. ऑनिंगचा (बाजूला उघडायच्या कापडी छपराचा) पाइप, छतावरचा व्हेंट, फ्रिजच्या जाळ्या, हे सगळं साठच्या वर गुणगुणायला लागतं. जाळ्यांवर आणि फटींवर चिकटपट्टी मारून एक फेरी मारा (फ्रिज गॅसवर चालत असेल तर तो बंद करूनच). आवाज बदलला तर चाकाला हातही लावू नका.

मग सपाट मोकळा रस्ता गाठा. पत्रादेवीकडून म्हापशाकडे येणारा हायवे सकाळी लवकर चांगला. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आवाज ज्या स्पीडला स्पष्ट येतो तिथे या आणि इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन उतरलं तरी आवाज तसाच आणि गाडी मंदावेल तसतसा खाली उतरत गेला तर तो चाकांशी बांधलेला आहे. इंजिनबरोबर पडला तर पुढचं वाचायची गरज नाही, बेल्ट-पुली बघा. ही टेस्ट घाटात करायची नाही, आणि इंजिन बंद करून तर मुळीच नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

आता टायर. माझ्या मते निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. मोटरहोम उभी जास्त आणि फिरते कमी, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर जुनं झालेलं असतं, कडेचे ठोकळे करवतीसारखे एकेका बाजूने झिजलेले असतात आणि त्यातून अगदी बेअरिंगसारखाच आवाज येतो. हात टायरवरून एकदा पुढे फिरवा, एकदा मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला हाताला टोचतंय, तर टायर संशयित. शिवाय टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर कमी, काँक्रीटवर वेगळा, खडबडीतवर भलताच, तर बेअरिंगला रस्त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, ते आपलं लांबवर गिरणी चालू असावी तसं एका सुरात चालू. खात्रीच करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघा, माप एकच असेल आणि मागे जोडटायर नसतील तर. आवाजाची जागा बदलली की उत्तर मिळालं. गाडी पावसाळाभर उभी असेल तर टायर तळाशी चपटे होतात, त्याची धडधड गाडी थोडी चालून टायर गरम झाले की बरीचशी ओसरते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात तेही बघून घ्या, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यातला टायर.

यानंतर वळणाची टेस्ट. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रुंद रस्त्यावर, चाळीसच्या आसपास, गाडी हळुवार डावीकडे-उजवीकडे झोकायची. मोटरहोम उंच असते, झटके द्यायचे नाहीत. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, आणि उजवीकडे वळताना वाढला तर डावं. बहुतेक वेळा हे बरोबर येतं, पण एवढ्यावरच बेअरिंग मागवू नका, कधीकधी उलटही निघतं.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर, असं असेल तर मागच्या ड्राइव्हच्या गाडीत डिफरन्शियल बघा. लांब प्रोपेलर शाफ्टला मध्ये एक सेंटर बेअरिंग असतं, त्याचं रबर गेलं की पायाखाली घुमतं आणि लोक पुढची चाकं उघडत बसतात. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना टक्-टक्-टक् येत असेल तर ते ड्राइव्ह शाफ्टचं जॉइंट, त्याचा या घूं-घूंशी संबंध नाही.

एक जुगाड सांगतो जो भारी चालतो. व्हिडिओ काढणाऱ्यांचे कॉलरला लावायचे वायरलेस माइक हल्ली स्वस्तात मिळतात. त्यातला एक डाव्या नकलजवळ (स्टिअरिंगने वळणारा, हब धरून ठेवणारा लोखंडी भाग) आणि एक उजव्या नकलजवळ, चाकापासून, ब्रेकपासून आणि वळणाऱ्या भागांपासून लांब, केबल टायने घट्ट बांधा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडने रेकॉर्ड करा. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं की कुठली बाजू ते लहान पोरही सांगेल.

उष्णता मोजायची ती अशी

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. वीसेक किलोमीटर सपाट रस्त्याने या, शेवटी ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी आपोआप थांबू द्या, आणि लगेच दोन्ही हबच्या मधोमध, डिस्कवर नाही, माप घ्या. आकडा किती यापेक्षा डावा-उजवा फरक किती ते बघायचं. अनमोड किंवा करमळ घाट उतरून खाली आल्या आल्या माप घेतलंत तर तो ब्रेकचा ताप दिसेल.

एक बाजू जास्त तापते म्हणजे बेअरिंगच असंही नाही. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्या असतील तर ब्रेक अर्धवट धरून राहतो, हब भाजतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं आणि मग बेअरिंग खरोखरच जातं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिना अडकणं अगदी नेहमीचं. वारंवार एकाच बाजूचं बेअरिंग जातंय तर त्या बाजूचा ब्रेक मोकळा सुटतो का हे मी सगळ्यात आधी बघेन.

जॅकवर चढवून

गाडी तीन-साडेतीन टनाच्या घरात असते, लाल मातीवर जॅक सरळ खाली रुततो. जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, हँडब्रेक, आणि जॅकच्या जोडीला मजबूत स्टँड, हे झाल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. गॅस सिलिंडर बंद.

चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा सैलपणा, गेला तर तो बेअरिंगचा. तरीही हलतंय तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट (नकल ज्यावर वळतो ते सांधे), आणि तीन-नऊच्या जागी हलत असेल तर बहुधा टाय रॉड. ही ब्रेकची युक्ती न करता बेअरिंगं बदलली जातात आणि किंग पिन तशीच लुडलुडत राहते, मग नवं बेअरिंगही तिरकं चालतं.

मग चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर किंवा नकलवर ठेवा. खराब बेअरिंगची बारीक खरखर कानापेक्षा बोटांना आधी कळते. पॅड घासतात त्याचा आवाज मध्ये येतो, म्हणून कॅलिपर काढून तारेने टांगून (पाइपवर लोंबकळत ठेवू नका) परत फिरवलं तर जास्त बरं. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला असेल तर तोही इथेच सापडेल, आणि हसू येईल. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत चाक इंजिनवर फिरवून कान लावायचे प्रकार घरी करू नका.

काढलेलं बेअरिंग भंगारात टाकू देऊ नका

गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा, जुनं बेअरिंग, सील, नट, सगळं मला पिशवीत पाहिजे, आणि धुऊ नको. ते वाचता येतं, आणि तिथेच सगळा निकाल असतो.

आधी ग्रीस बघा. कॉफीसारखं दुधाळ झालंय तर पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर करकरतंय तर वाळू-धूळ. काळं होऊन करपट वास येतोय तर ताप. मग रॉकेलमध्ये धुवा, कोरडं करा, कॉम्प्रेसरची हवा मारून ते गरागरा फिरवायचा मोह टाळा, रोलर सुटून लागतो. उजेडात धरा. रोलर चालतात तो पट्टा एकसारखा राखाडी, मंद झालाय तर बारीक घाण. पट्ट्याचे पापुद्रे उडालेत, खड्डे पडलेत आणि ते एकाच बाजूला जास्त आहेत तर वजन किंवा तिरकेपणा. निळसर-तांबूस रंग चढलाय तर नट जास्त आवळला होता किंवा ब्रेक धरत होता. रोलर जेवढ्या अंतरावर असतात बरोबर तेवढ्याच अंतरावर ओळीने गंजाचे डाग दिसले तर गाडी ओल घेऊन उभी होती. आणि तसेच ओळीने दाबलेले चकचकीत खाचे असतील तर कुणीतरी ठोकून बसवलं किंवा मोठ्या खड्ड्यात आदळलं.

बाहेरच्या अंगालाही बघा, जे सहसा कुणी बघत नाही. बेअरिंगची बाहेरची कडी नकलमध्ये (टेपरवाल्यांत हबमध्ये) आणि सीलबंदवाल्यांत आतली कडी शाफ्टवर घट्ट बसायला पाहिजे. कडीच्या बाहेरच्या अंगावर गोल फिरल्याच्या रेघा, आरशासारखी झिलई किंवा तांबूस भुकटी दिसली तर कडी आपल्या जागेत फिरत होती, म्हणजे भोक मोठं झालंय. टेपरवाल्या हबमध्ये आतला कोन (रोलर बसवलेली आतली कडी) स्टब अ‍ॅक्सलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) मुळातच थोडा सैल असतो, तिथे हलक्या खुणा चालतात, पण अ‍ॅक्सलवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर नाही चालणार.

एकाच बाजूचं जातंय की दोन्हीकडची?

हा एक प्रश्न विचारला की यादी अर्धी होते. सतत एकच बाजू जात असेल तर त्या बाजूचा नकल, हब, स्टब अ‍ॅक्सल, ब्रेक किंवा बसवण्याची पद्धत. आज डावं, उद्या उजवं असं चालू असेल तर वजन, पाणी, ग्रीस, चाकाची रिम, किंवा माल डुप्लिकेट.

वजन

घराची गाडी केली की ती कायमच भरलेली असते, मालवाहू गाडी निदान परतताना रिकामी तरी येते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, दीडशे एएचची एक ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या आसपास, वर प्लायवूडची कपाटं, ती तर पावसात ओल पिऊन आणखी जड.

डिचोली, सावर्डे, कुडचडे, कुंडई, वेर्णा, जिथे ट्रक आहेत तिथे वजनकाटा आहे. पाणी, गॅस, डिझेल भरून, माणसं बसवून, म्हणजे प्रवासाला निघता तशी गाडी न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्याच्या बाजूची जमीन समतल असेल तर फक्त डावीकडची दोन्ही चाकं चढवून एक माप घ्या, किचन, टाकी आणि बॅटरी सगळं एकाच बाजूला ठेवलेल्या गाड्यांत इथे चांगलाच फरक दिसतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा आकडा गाडीच्या प्लेटवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. एकूण वजन बसतंय म्हणून पुढचंही बसतंय असं नसतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेलं सामान पुढचं वजन थोडं उचलतं, आणि पुढच्या सीटखालची बॅटरी, केबिनवरचा बिछाना, पुढचा लोखंडी गार्ड हे सगळं सरळ पुढे बसतं.

थोडं जास्त असलं तर काय बिघडतं? बेअरिंगच्या हिशोबात वजन आणि आयुष्य यांचं नातं सरळ नाही. बॉल बेअरिंगचं आयुष्य वजनाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं, रोलरचं त्याहून जरा जास्तच. म्हणजे मूळ हिशोबापेक्षा २० टक्के जास्त वजन पडलं की आयुष्य २० टक्क्यांनी नाही, निम्म्याच्या जवळपास खाली येतं, बॉलमध्ये ५८ टक्के उरतं आणि रोलरमध्ये ५४.

वजनाचाच चुलत भाऊ म्हणजे रुंद अलॉय आणि स्पेसर. चाक बाहेर काढलं की दिसायला गाडी ऐटबाज, पण वजनाची रेघ बेअरिंगच्या मधून सरकून बाहेर जाते आणि बाहेरचं बेअरिंग एकटंच मार खातं. स्पेसर असतील तर काढा, मला त्यात दुसरी बाजू दिसत नाही.

पाणी, मीठ आणि फेरीबोट

आपल्याकडे पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण नुसत्या पावसाने बेअरिंग जात नाही. जातं ते असं: लांबून आलात, हब तापलेला आहे, आतली हवा गरम आहे, आणि रायबंदरला चोडणच्या फेरीवर चढताना भरतीच्या वेळी उतारावर पुढची चाकं खाऱ्या पाण्यात गेली. हब एकदम थंड पडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ओहोळावरचं वाहतं पाणी ओलांडतानाही तेच. फेरीवर चढायच्या आधी थोडा वेळ गाडी उभी करून हब निवू द्या, पाणी फार वर असेल तर पुढची बोट घ्या. आणि प्रेशर वॉशरचा फवारा हबच्या मधोमध मारू नका, कुणालाही मारू देऊ नका.

नवं सील घालूनही पाणी येत असेल तर सील जिथे घासतं ती जागा बघा. वर्षानुवर्षं घासून शाफ्टवर एक बारीक चर पडते, नख अडकतं तिथे. नव्या सीलचा ओठ त्याच चरीत बसतो आणि गळतो. लेथवाल्याकडून त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घेता येते, किंवा तो भाग बदला.

जून ते सप्टेंबर गाडी समुद्राजवळ उभी राहणार असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी काही किलोमीटर चालवा. चार फूट पुढे-मागे करून काही होत नाही, ग्रीस परत सगळ्या रोलरवर पसरायला पाहिजे.

वेल्डिंग

हे कारण कुणी विचारतच नाही. मोटरहोम म्हणजे कायम काहीतरी जोडणं चालूच, ऑनिंगचा ब्रॅकेट, पायरी, सायकलचा स्टँड. वेल्डर अर्थचा चिमटा कुठे लावतो ते बघा. तो चिमटा चाकावर किंवा डिस्कवर लावून बॉडीवर वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगच्या रोलरमधून जातो, आणि रोलर-कडीच्या मध्ये बारीक ठिणग्या पडून सूक्ष्म खड्डे होतात. त्या दिवशी काहीच कळत नाही, आवाज नंतर चालू होतो आणि मग कुणाला वेल्डिंग आठवत नाही. चिमटा नेहमी जोडकामाच्या अगदी शेजारी, आणि त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली.

बसवताना काय बघायचं

टेपरवाल्यांसाठी. कोन नवा आणि कप (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) जुना, असं कधीच नाही, जोडी बदलायची. कप पितळेच्या ड्रिफ्टने आळीपाळीने चारही बाजूंनी ठोकत न्यायचा, तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्दऐवजी खणखणीत येतो, तरीही बारीक फिलर गेजचं पान खाली शिरत नाही ना बघायचं. कप अर्धा केस जरी वर राहिला तर पुढे गाडी चालवताना तो खाली बसतो, आणि तुम्ही नीट लावलेला नट आपोआप सैल पडतो. महिन्याभरात प्ले आला, अशा तक्रारींत मी आधी हेच धरतो.

ग्रीस भरायची जुनी पद्धतच बरोबर. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, कोनची रुंद बाजू खाली धरून त्याची कड गोळ्यात दाबत खेचा, वरच्या अंगाला रोलरच्या मधून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर आल्या की थोडा फिरवून पुढचा भाग. नुसतं वरून थापलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचत नाही. बाजारात एपी-३ नावाने मिळणारं लिथियम ग्रीस किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ग्रीस चालेल, पण जुन्यावर नवं, वेगळ्या जातीचं, घालू नका, काही ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहतात. हबची पोकळी तिसरा हिस्सा ते अर्धी भरा, गच्च भरलंत तर ग्रीस घुसळून तापतं.

नट: हब हाताने फिरवत फिरवत आवळा म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात, मग सोडा, मग परत हलकेच टेकवा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर सैल बाजूला जुळवा, घट्ट बाजूला नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) असेल तर आत-बाहेर प्ले साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

सीलबंदवाल्यांसाठी प्रेसचा नियम एकच पण तो मोडला की बेअरिंग गाडीत बसायच्या आधीच मेलेलं असतं. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवर, आणि हब बेअरिंगमध्ये दाबताना आधार आतल्या कडीला. उलट केलंत तर सगळा दाब बॉलमधून जातो आणि कडीवर खाचे पडतात. एबीएस असेल तर बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूला यायला पाहिजे, आणि ते बेअरिंग लोखंडी भुशाच्या टेबलावर ठेवायचं नाही. मिस्त्री घाईत असेल तर उभं राहून बघा, रागावला तर रागावू दे.

नकलचं भोक मायक्रोमीटरने आडवं-उभं मोजून घ्या. भोक सैल झालंय म्हणून आतून सेंटर पंचने टिंब मारून घट्ट करून देणारे आहेत, ते थोडे दिवस धरतं आणि परत फिरायला लागतं. नकल बदलायलाच लागतो. हबची फ्लँज (चाक ज्यावर बोल्टने बसतं ती चकती) खड्ड्यात आदळून वाकली असेल तर तेही डायल गेजवर कळतं, ०.०५ मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर मी तो हब परत लावणार नाही.

अ‍ॅक्सल नट नवा घ्या. टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याला, आणि चाक जमिनीला टेकायच्या आधी. हा नटच बेअरिंगच्या आतल्या दोन अर्ध्या कड्या एकत्र दाबून धरतो. तो पूर्ण आवळलेला नसताना गाडीचं वजन चाकावर टाकून गाडी अर्धा मीटर जरी ढकलली तरी नव्या बेअरिंगची वाट लागू शकते. गॅरेजात नेमकं हेच होतं, चाक लावलं, गाडी खाली घेतली, ढकलून बाहेर काढली, आणि मग इम्पॅक्ट गनने खडखडवून नट आवळला.

माल असली आहे का

बेअरिंगमध्ये नकली मालाचं प्रमाण भयंकर आहे आणि खोका आता हुबेहूब बनतो. एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि शेफलरचं ओरिजिनचेक ही अ‍ॅप्स फोनवर घ्या, दुकानातच खोका तपासा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घासाघीस जरूर करा, पण बेअरिंगच्या दुकानात कुणी अर्ध्या किमतीत देतोय तर गप्प बाहेर पडा. बिल आणि बेअरिंगवर कोरलेला नंबर, दोन्हीचा फोटो काढून ठेवा.

बसवल्यानंतर

पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर चालवून दोन्ही हबचं तापमान घ्या आणि लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला हेच उपयोगी. टेपरवाल्या गाडीत काही शे किलोमीटर झाल्यावर जॅकवर चढवून प्ले परत बघा. जुना आवाज अजून थोडा येतोच आहे असं वाटलं तर लगेच बेअरिंग उघडू नका, टायर आधी.

रस्त्यात असताना घूं-घूंची घरघर झाली, स्टिअरिंगमध्ये थरथर आली, ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जायला लागलं किंवा हबजवळ करपट वास आला तर थांबा. पेडल खोल जातं ते डिस्क डुलून पॅड मागे ढकलते म्हणून, तिथून पुढे चाक निसटायला फार वेळ लागत नाही. चोर्ल्यात फोनला रेंज जाते, म्हणून वर चढायच्या आधीच, केरीला, निर्णय घ्या. लांबच्या ट्रिपला टेपरवाल्यांनी आतलं-बाहेरचं एक जोड, सील, स्प्लिट पिना आणि ग्रीसचा डबा गाडीत टाकावा, वाटेत कुणीही ट्रकवाला मिस्त्री ते बसवून देईल. सीलबंदवाल्यांना रस्त्याकडेला काही करता येत नाही, त्यांनी बेअरिंग, अ‍ॅक्सल नट आणि सर्कलिप सोबत ठेवावी, पार्ट नंबर फोनमध्ये, आणि टोइंगवाल्याचा नंबरही, तुमच्या गाडीची उंची आणि वजन आधी विचारून घेतलेला.